उत्तर द्यायची मुदत

“सर, तुम्ही चोर निघालात,” रेहाना म्हणाली आणि तिनं कम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला.

झेरॉक्ससाठी थांबलेल्या दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा घातला. पडद्यावर लाल पट्टी होती आणि तिच्यात इंग्रजी मजकूर होता. इंग्रजी मला वाचता येतं, पण घाबरलो की अक्षरं जागेवर राहत नाहीत.

“काय लिहिलंय?”

“तुमचं विक्रीचं खातं बंद केलंय. माल चोरीचा असल्याचा संशय म्हणे. सगळे दिवाळी अंक विक्रीवरून उतरवले. हे बघा, पुरावा म्हणून फोटोपण लावलाय.”

फोटो मीच काढलेला होता. एका जुन्या दिवाळी अंकाचं आतलं पान, आणि कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का : लोकहित वाचनालय. मालकीची खूण.

“हा शिक्का दाखवला कशाला तुम्ही?” रेहानानं विचारलं.

“आहे म्हणून दाखवला. गिऱ्हाइकाला सगळे दोष आधी कळायला हवेत.”

“माझ्या चटणीत कधी शेंगदाण्याचं टरफल निघतं. मी त्याचा फोटो टाकते का?”

गिऱ्हाइकं हसली. मीही हसलो असेन. खरं तर मला एवढंच विचारायचं होतं, आणि ते लोकांसमोर विचारवत नव्हतं. आधार कार्डांच्या प्रती घेऊन ती माणसं गेली तेव्हा मी म्हणालो, “रेहानाताई, निरोपांची खिडकी तरी उघडेल का?”

“काही उघडणार नाही, सर. दार, खिडक्या, सगळंच गेलं.”

आमचं गाव बार्शीपासून जवळ. तिथल्या लोकहित वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. नोकरीत असताना रोज बरेच लोक माझ्याशी बोलत, असं मला वाटायचं. वाचनालय बंद पडलं, त्या जागेवर मंगल कार्यालय उभं राहिलं, आणि मग लक्षात आलं की लोक माझ्याशी नाही, पुस्तकांच्या नंबरांशी बोलत होते. समितीनं जुने दिवाळी अंक रद्दीत काढले ते मी विकत घेतले. पत्नी गेल्यावर घरात जागा भरपूर झाली होती.

ते अंक विकायची कल्पना रेहानाची. रेहाना बागवान आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान चालवायची. शिवाय त्याच कम्प्युटरवरून ती शेंगाचटणी विकायची, देशभर. तिच्या अंगणात शेजारच्या बायका उखळात चटणी कुटत आणि ती पाकिटं पार दिल्लीपर्यंत जात. नवरा आखातात गेला होता तो तिकडचाच झाला होता. घर चटणीवर चालायचं. “मला अहो-जाहो करणारे गावात तुम्ही एकटेच,” ती म्हणायची आणि मला स्टूल पुढे करायची.

जिथं तिची चटणी विकली जायची त्याच ऑनलाइन बाजारात तिनं मला खातं काढून दिलं. मी अंकाचे फोटो काढायचे, फाटलेली पानं खळीनं आणि पातळ कागदानं जोडायची, पाकीट करायचं. पाकीट आधी त्या कंपनीच्या गोदामात जायचं. तिथं ते उघडून बघत, मग पुढे पाठवत. गिऱ्हाइकाचं नाव आम्हाला दिसे ते पहिलं नाव आणि गाव, एवढंच. पत्ता, फोन काही नाही. गिऱ्हाईक त्यांचं, आमचं नव्हे, हे रेहानानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “आपण त्यांच्या ओट्यावर बसून विकतोय, सर. ऊठ म्हणाले की उठायचं.” मला त्यात वावगं वाटलं नव्हतं. मी आयुष्यभर दुसऱ्याच्याच ओट्यावर बसलो होतो.

प्रत्येक वस्तूच्या खाली ‘विक्रेत्याला विचारा’ अशी खिडकी असे. लोक तिथं ‘लास्ट प्राइस?’ एवढंच लिहीत. पण एके दिवशी त्या खिडकीत असं आलं : ‘आपणाकडे हा अंक असल्यास, किंवा कोठे मिळेल हे ठाऊक असल्यास, कळवण्याची कृपा करावी.’ खाली नाव, शरयू, ग्वाल्हेर.

त्यांनी विचारलेला अंक कोल्हापुरातल्या एका लहान छापखान्यानं काढलेला होता. दोन-तीन दिवाळ्या निघाला आणि बंद पडला. त्याचं नाव सांगून आता कुणाला काही आठवणार नाही. मी लिहिलं, ‘माझ्याकडे नाही, पण शोधतो.’ त्यांनी आभार मानले. मग मी उगाचच विचारलं, की त्या अंकात असं काय आहे?

त्या प्रश्नाचं उत्तर शरयूबाई वर्षभर देत होत्या म्हटलं तरी चालेल. त्यांचा थोरला भाऊ, अण्णा, कथा लिहायचा. छापून आली ती एकच. ती पाठवण्यापूर्वी त्यानं माळ्यावर बसून बहिणीला वाचून दाखवली होती. त्या तेव्हा परकरात होत्या. अंक घरी आला तो शेजाऱ्यांनी वाचायला नेला आणि परत आलाच नाही. पुढच्या वर्षी अण्णा विषमज्वरानं गेला. ‘कथेत एक बहीण आहे. ती मी,’ त्यांनी लिहिलं होतं. ‘शेवटी ती काहीतरी म्हणते आणि अण्णा तिथं वाचताना थांबला होता. ती काय म्हणते ते मला आठवत नाही. तेवढंच पाहायचंय.’ काचबिंदूनं त्यांची नजर आक्रसत चालली होती. नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं दिसतं, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि नळी बारीक होत होती.

रोज सकाळी चहा झाला की शरयूबाई त्या बाजारात अंकाचं नाव टाकून बघत. रोज सकाळी मी रेहानाच्या स्टुलावर जाऊन बसत असे. अंकाबद्दल बोलून झालं की आम्ही इतर बोलायचो. ग्वाल्हेरची थंडी. मेथीचे लाडू बिघडले ते. वाचताना पान दुमडणारी माणसं. एकदा मी लिहिलं की माझं अक्षर पत्नीला कधी लागलं नाही, म्हणून मी तिला पत्रं लिहिणं सोडलं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. रेहाना चटणीच्या पाकिटांवर चिकटपट्टी लावत बसायची आणि मध्येच विचारायची, “काय म्हणतंय ग्वाल्हेर?”

आता ग्वाल्हेर काही म्हणू शकत नव्हतं.

“नंबर कसा नाही घेतला ओ तुम्ही त्यांचा?” लाल पट्टीच्या त्या दिवशी रेहानानं विचारलं.

“आकडे लिहिले की तिथं फुल्या उमटतात.”

“मग अक्षरात लिहायचे. सगळे तेच करतात.”

“त्याही तसंच म्हणाल्या होत्या. पण ते नियमात बसत नाही.”

रेहानानं चिकटपट्टी दातानं तोडली. “नियमानंच बसवलंय बघा तुम्हाला.”

आम्ही तक्रार केली. उत्तर आलं की मूळ खरेदीचं बिल पाठवा, कर क्रमांकासह. ज्या समितीकडे शेवटी शिपाई उरला नव्हता तिचा कर क्रमांक मी कुठून आणणार? रेहानानं मदतीच्या नंबरावर फोन लावला आणि मला दिला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. माझी अडचण तिला समजते, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. मी म्हणालो, “मला विकायचं काही नाही. एका बाईंना निरोप द्यायचाय.” ती म्हणाली, “सर, त्यासाठी आपलं खातं चालू असणं गरजेचं आहे.” मी तिचे आभार मानून फोन ठेवला. रेहानानं कपाळावर हात मारला. “आभार कसले मानता?”

अंक त्यानंतर सापडला. मिरजेच्या एका रद्दीवाल्याला मी पूर्वी सांगून ठेवलं होतं, त्यानं एसटीच्या वाहकाजवळ पाठवून दिला. मुखपृष्ठ अर्धं फाटलेलं, पण आतली पानं धड. मी तो घरी नेला, हात धुतले आणि वाचायला बसलो.

कथा तीन पानांची होती. एक मुलगा. आई इस्पितळात आहे, वडील तिच्यापाशी. मुलगा दिवसभर घरात वाट बघतो. पाणी भरतो, भात लावतो, ओसरीवर बसतो. संध्याकाळी वडील येतात आणि चपला न काढता उंबऱ्यात उभे राहतात. संपली कथा.

बहीण नव्हती.

मी पुन्हा मागची-पुढची पानं पाहिली. दुसरी कथा नव्हती. नाव अण्णांचंच होतं.

दुसऱ्या दिवशी मी अंक रेहानाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणालो, “सापडला. पण पाठवू नये असं वाटतं.”

“का?”

“त्यात त्या नाहीत.”

तिला सगळं सांगावं लागलं. ती ऐकत होती तेवढ्यात कुणीतरी रेशन कार्डाची झेरॉक्स मागायला आलं. ती देऊन, पैसे गल्ल्यात टाकून ती परत आली. “सर, अंक कुणाचा? त्यांच्या भावाचा. बघू दे की त्यांना काय बघायचंय ते. तुम्ही कोण मधे ठरवणारे?”

“पण पाठवणार कसा?”

“माझ्या खात्यावर टाकू.”

मी नको म्हणालो. तेव्हा मला जेवढं जोरात म्हणता येत होतं तेवढं जोरात म्हणालो. तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं : एकाच कम्प्युटरवर दोन खाती, त्यातलं एक बंद, म्हणजे दुसऱ्यावर त्यांचा डोळा असतो. संबंध दिसला की तेही बंद. निरोपसुद्धा यंत्र वाचतं. रेहानाचं खातं गेलं तर अंगणातली उखळं थांबली असती.

“एकच अंक,” ती म्हणाली. “शिक्का नाही ना ह्याला?”

“नाही.”

“मग झालं तर. फक्त निरोपात तुमचं नाव नको, जुन्या खात्याचं काही नको. बाई दिसल्या की अंक द्यायचा, विषय संपला. नाहीतर त्यांची नजर गेल्यावर फ्रेम करून लावणार का तो भिंतीला?”

चटणीच्या पाकिटांखाली तो अंक दिसू लागला. आम्ही शरयूबाईंची वाट बघत होतो, आणि त्यांच्या आधी नागपूरच्या कुणीतरी तो मागवला. मुखपृष्ठाच्या चित्रकारासाठी जुने अंक जमवणारं गिऱ्हाईक असणार. रेहानानं ती मागणी रद्द केली. लगेच तिच्या खात्याच्या मानांकनातला एक तारा फिकट झाला.

“असं दर वेळी करता येणार नाही, सर. किंमत वाढवू. इतकी, की दुसरं कुणी हात लावणार नाही. बाईंनी विचारलं की उतरवू.”

तिनं पाच हजार टाकले. मला त्याची लाज वाटली, पण दुसरं सुचत नव्हतं.

दोन सकाळी गेल्या असतील. मी स्टुलावर बसलो होतो. रेहाना एकदम म्हणाली, “आलं! ग्वाल्हेर आलं!” आणि मग वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. “फार तापल्यात ओ.”

मी वाचलं. अक्षरं जागेवर होती.

‘आपण चटणीचा धंदा करता, तोच करावा. ज्या अंकाची छापील किंमत दीड रुपया होती त्याला पाच हजार मागताना आपणास काही वाटले नाही. माझी गरज कुणीतरी आपणास सांगितलेली दिसते. इथे पूर्वी एक सज्जन विक्रेते होते. त्यांच्या हाती हा अंक लागता तर त्यांनी तो मला असाच धाडला असता.’

रेहाना हसू दाबत होती. “सज्जन विक्रेते, बोला आता.”

“काय बोलू?”

“माफी मागा. माझ्या वतीनं. मी तर चटणीवाली.”

मी तिच्या खुर्चीत बसलो आणि एका बोटानं टाइप केलं : ‘किंमत चुकून पडली होती. क्षमस्व. दुरुस्त केली आहे. आपण अंक घ्यावा.’ रेहानानं किंमत उतरवली. थोड्याच वेळात त्यांनी अंक घेतला. आणि खिडकीत पुन्हा मजकूर आला.

‘रागाने लिहिले, मनावर घेऊ नये. ते गृहस्थ अचानक लिहीनासे झाले, त्याचा त्रास झाला आहे. न सांगता जाणारे ते नव्हते. त्यांच्याकडून निरोप येत नाही म्हटल्यावर मी काय ते समजले. त्यांच्याशी बोलले की दिवस सरळ जायचा. इतका धीराचा, इतका वाचलेला माणूस मी पाहिला नाही. आपण बहुधा त्याच गावच्या. त्यांना ओळखत होतात का?’

रेहाना माझ्या खांद्यावरून वाचत होती. बाहेर टमटम थांबली, कुणीतरी उतरलं, टमटम गेली.

धीराचा, वाचलेला. मी त्या माणसाबद्दल विचार करत होतो. त्याला मी ओळखत नव्हतो. निरोप लिहिताना मी घरून कच्चं लिहून न्यायचो, खोडायचो, चांगलं झालेलं तेवढं टाइप करायचो. म्हणजे त्यांना भेटलेला माणूस माझ्यातून खोडाखोड वजा करून उरलेला होता.

“लिहून टाका, सर,” रेहाना हळूच म्हणाली. “मी आहे म्हणून सांगा.”

“यंत्र वाचतं.”

“वाचू दे. एवढ्या लाखो निरोपांत आपलाच वाचत बसलंय का?”

अंगणातून उखळाचा आवाज येत होता, एकीचा थांबला की दुसरीचा. मी टाइप केलं : ‘हो. ओळखत होते. ते गेले.’

आणि बटण दाबलं.

“अहो!” रेहाना ओरडली. “अहो, हे काय केलंत? स्वतःलाच मारून टाकलंत?”

“त्यांना तेच वाटत होतं.”

“वाटत होतं म्हणून?”

शरयूबाईंचं उत्तर आलं. ‘कळवलेत, बरे झाले. वाट बघणे संपले.’

अंक पाठवण्याआधी कथेच्या तीन पानांची रेहानानं मला झेरॉक्स काढून दिली. मग तिनं माझ्यासमोर पेन्सिल ठेवली. “चिठ्ठी गोदामात काढून टाकतील. पण कथेच्या शेवटी, कोपऱ्यात, बारीक अक्षरात तुमचा फोन नंबर लिहा. पान न् पान कोण बघतंय?”

मी पेन्सिल हातात घेतली. पुस्तकात लिहिणाऱ्यांना मी आयुष्यभर दंड केला होता. आणि भावाच्या कथेखाली नळीतून बघणाऱ्या बाईंना एका मेलेल्या माणसाचा नंबर दिसला तर त्यांनी काय करायचं? पेन्सिल मी खाली ठेवली. पाकीट गेलं.

अंक पोचल्याचं दिसलं. मी रोज जात होतो, पण रेहानाला ‘ग्वाल्हेर?’ असं विचारत नव्हतो. तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. एके सकाळी ती नुसती म्हणाली, “वाचा.”

‘अंक मिळाला. भिंग लावून दोन दिवसांत वाचला. कथेत बहीण नाही. ती शेवटी काय म्हणते हे शोधत मी इतकी वर्षे काढली, आणि ती मुळात नव्हतीच. मीच मनाने घातली असणार. आपल्याला नाही कळायचे, आपण चटणीच्या घाईत असाल. ते गृहस्थ असते तर त्यांना विचारले असते. असो.’

मी घरी आलो. जेवलो नाही. झेरॉक्सची तीन पानं टेबलावर पसरली आणि हातात पेन्सिल घेऊन वाचू लागलो. कुठल्याही वाचकाला देण्याआधी पुस्तक तपासायचो तसा वाचत होतो. ही पानं माझी होती, त्यांवर लिहिलं तरी चालणार होतं.

दुसऱ्या पानाच्या मध्यावर मुलगा भात उतरवतो आणि दोन ताटं मांडतो. पुढच्या ओळीत तो एकटाच जेवतो. दुसऱ्या ताटाचं पुढे काहीच होत नाही. त्यावर कुणी बसत नाही, ते कुणी उचलत नाही. आई इस्पितळात, वडील तिच्यापाशी. मग दुसरं ताट कुणासाठी?

तिसऱ्या पानाचा खालचा अर्धा भाग केशतेलाच्या जाहिरातीनं व्यापला होता. तिच्यावरची कथेची शेवटची वाक्यं दाटीवाटीनं, बारीक टाइपात जुळवलेली होती. मी असे अंक शेकड्यांनी हाताळले होते. आयत्या वेळी मोठी जाहिरात आली की छापखान्यात कथा कापत. पूर्वी कधी मूळ हस्तलिखित आणि छापील कथा शेजारी ठेवून पाहिली होती तेव्हा लक्षात आलं होतं, की घाईत संपादक कथेतून अख्खं माणूस काढतात आणि त्याच्या वस्तू काढायच्या विसरतात.

ते शेवटचं वाक्य मला सांगता येणार नव्हतं. पण बहीण तिथं होती, एवढं सांगता येणार होतं.

मी उत्तर लिहायला घेतलं. पहिलंच वाक्य अडलं. ‘मी जिवंत आहे’ हे फार फुशारकीचं वाटलं. ‘मी अद्याप आहे’ असं लिहिलं, ते रडवेलं वाटलं. मग आधी ताटांचं लिहावं आणि स्वतःचं शेवटी, असं ठरवलं. तर ताटांबद्दल शंका येऊ लागली. माझा तर्क चुकला असला तर? एका म्हाताऱ्या बाईला मी दुसऱ्यांदा खोटं सांगेन. मी कोल्हापूरच्या त्या छापखान्याबद्दल कुणाला काही ठाऊक आहे का याची फोनवर चौकशी केली. मिरजेच्या रद्दीवाल्याला त्याच संपादकाचे दुसरे अंक पाठवायला सांगितले. ते आले. त्यांत आणखी एक कापलेली कथा सापडली. एक म्हातारा सारखा छत्री शोधतो आणि ती छत्री कुणी आणलेली हे कुठंच कळत नाही. मला धीर आला. मी सगळं नीट, एका कागदावर, खाडाखोड न करता उतरवलं. शेवटी माझं पूर्ण नाव घातलं आणि फोन नंबर अक्षरांत लिहिला.

रेहानाला मी आधी वाचायला दिलं नाही, फक्त विचारलं, “मी खरं लिहिलं आणि तुमचं खातं बंद झालं तर?”

तिनं अंगणाच्या दिशेनं पाहिलं. “बायकांना मी सांगेन काय सांगायचं ते,” ती म्हणाली. “दोन महिने दुकानदारांकडे चटणी ठेवत फिरू. पहिलं तसंच करत होते. बसा, टाइप करा.”

तिनं ती मागणी शोधून काढली. शरयू, ग्वाल्हेर. निरोप दिसत होते, रागाचे, क्षमेचे, शेवटचा ‘असो’. त्यांच्याखाली जिथं लिहायची पांढरी जागा असायची तिथं करडी पट्टी होती.

रेहानानं तिच्यावर दाबून पाहिलं. पुन्हा दाबलं. पान बंद करून परत उघडलं.

“काय झालं?”

“माल परत करायची मुदत संपली की बोलणं बंद होतं, सर,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. “मला वाटलं अजून असेल. चटणीला हे कधी लागलंच नाही. चटणीवर कोण एवढं बोलतंय?”

“मग आता?”

“त्यांनी पुन्हा काही विचारलं तरच. किंवा घेतलं तर.”

पण त्यांना त्या बाजारातून एकच वस्तू हवी होती, आणि ती त्यांना मिळाली होती. पुढे आम्ही काही अंक तिथं टाकले, बिनशिक्क्याचे. बऱ्याच गावांहून लोकांनी घेतले. आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली, आणि रेहानाही मुलीकडे पुण्याला गेली.

त्या सकाळी मात्र मी कागद घडी करून खिशात घालू लागलो तेव्हा तिनं माझा हात धरला.

“मला तरी वाचून दाखवा.”

“तुम्हाला कंटाळा येईल.”

“वाचा हो.”

तिनं झेरॉक्सचं मशीन बंद केलं. मी उभा राहून वाचलं, ताटांचं, जाहिरातीचं, छत्रीचं. शेवटचा परिच्छेद माझ्याबद्दल होता, तो मी वाचला नाही. दारात एक बाई कागद घेऊन थांबली होती, तीही मुकाट ऐकत राहिली.

“मग ती बहीण होती?” रेहानानं विचारलं.

“होती,” मी म्हणालो.